वाद्य, संगणक आणि मधला कारभारी

पुणे-नगर रस्त्यावरील लोणीकंद, पेरणे, कोरेगाव भीमा, सणसवाडी आणि शिक्रापूर ही गावे कारखानदारीमुळे आता एकमेकांना भिडत चालली असली, तरी त्यांच्या गाण्याबजावण्याचे वेळापत्रक जुन्या तिथीवारांनाच धरून आहे. १ जानेवारीला पेरणे येथील जयस्तंभास मानवंदना देण्यासाठी लोटणाऱ्या समुदायापुढची भीमगीते, चैत्र-वैशाखातल्या यात्रा, लग्नसराईतल्या हळदी आणि वराती, भाद्रपदातला गणेशोत्सव आणि गावोगावचे हरिनाम सप्ताह यांवर इथल्या कलावंतांचे वर्ष बेतलेले असते. या मंडळींत पेटीच्या जोडीला, आणि पुष्कळदा तिच्या जागी, कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड येऊन आता बराच काळ लोटला. अलीकडे त्यांच्या शेजारी लॅपटॉपही मांडला जाऊ लागला आहे, आणि त्याच्याबरोबर एक नवी पंचाईतही आली आहे. वाद्य चालू आहे, संगणक चालू आहे, तारही जोडलेली आहे, आणि तरीसुद्धा पट्टी दाबली असता पडद्यावर काहीएक हलत नाही, अशा वेळी वादक प्रथम तारेला दोष देतो, मग संगणकाला, आणि अखेरीस कार्यक्रमाची वेळ झाली म्हणून लॅपटॉप मिटून ठेवतो. प्रस्तुत लेख अशा वादकासाठी लिहिला आहे.

प्रारंभीच एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे, आणि ती ही, की संगीताचे सॉफ्टवेअर वाद्याशी कधीही परस्पर बोलत नाही. शिरूरच्या तहसील कचेरीत अर्जदाराने कितीही घाई केली तरी त्याचा कागद बारनिशीत नोंदल्यावाचून पुढच्या मेजावर जात नाही. त्याचप्रमाणे वाद्याकडून आलेला प्रत्येक संदेश आधी संगणकाच्या कार्यप्रणालीकडे, म्हणजे विंडोज, मॅक, लिनक्स किंवा अँड्रॉइड यांपैकी जी कोणती असेल तिच्याकडे, रुजू होतो, आणि तिने मान्य केलेल्या मार्गानेच तो सॉफ्टवेअरपर्यंत पोहोचतो. या प्रत्येक प्रणालीचा रिवाज वेगळा आहे. आपल्या प्रणालीचा रिवाज ज्याला ठाऊक आहे, त्याला दोष शोधण्यास फारसा वेळ लागत नाही. ज्याला तो ठाऊक नाही, तो चांगली तार फेकून नवी विकत आणतो आणि पुन्हा तिथेच येऊन अडतो.

तारेतून काय जाते

मिडी हे नाव आता सर्वांच्या तोंडी असले, तरी तिच्या तारेतून नाद वाहत नाही, हे पुष्कळांना सांगावे लागते. वाहतात त्या केवळ आज्ञा. १९८३ च्या जानेवारीत अमेरिकेतील वाद्यव्यापाऱ्यांच्या प्रदर्शनात सीक्वेन्शियल सर्किट्सचे प्रॉफेट-६०० आणि रोलँडचे ज्युपिटर-६ ही दोन निरनिराळ्या कंपन्यांची वाद्ये एका तारेने जोडून दाखवण्यात आली, आणि त्याच वर्षी या संकेताचा पहिला मसुदा प्रसिद्ध झाला. त्या कामगिरीबद्दल डेव्ह स्मिथ आणि इकुतारो काकेहाशी यांना २०१३ साली तांत्रिक ग्रॅमी पुरस्कार मिळाला. त्या वेळी ठरलेली आज्ञांची भाषा आजही तीच आहे, म्हणून चाळीस वर्षांपूर्वीचे वाद्य आजच्या लॅपटॉपला जोडता येते.

एक आज्ञा जवळून पाहू. काळी एकला सा धरून गाणाऱ्या भजनीबुवांच्या साथीला बसलेल्या वादकाने मधल्या सप्तकातला तो स्वर दाबला, की वाद्यातून तीन अंक निघतात: १४४, ६१, १००. पहिल्याचा अर्थ, पहिल्या वाहिनीवर स्वर सुरू करावा. दुसरा अंक त्या पट्टीचा, कारण मधली पांढरी एक ६० आणि तिच्या लगतची काळी एक ६१. तिसरा अंक आघाताच्या जोराचा, जो १ पासून १२७ पर्यंत असतो. बोट उचलले, की १२८ ने आरंभ होणारी दुसरी आज्ञा निघते, अथवा काही वाद्ये पहिलीच आज्ञा जोराच्या जागी शून्य घालून पाठवतात. ही दुसरी आज्ञा पोहोचण्यापूर्वी तार निसटली, तर स्वर वाजतच राहतो. तो थांबवण्यासाठी बहुतेक सॉफ्टवेअरांत 'पॅनिक' नावाचे बटण ठेवलेले असते, आणि ते कोठे आहे हे कार्यक्रमापूर्वीच पाहून ठेवणे शहाणपणाचे.

वाहिन्या एकंदर सोळा असतात आणि तालवाद्यांसाठी दहावी वाहिनी राखून ठेवण्याचा प्रघात आहे. म्हणून ऑक्टोपॅडचा आघात १४४ ऐवजी १५३ ने सुरू झालेला दिसला, तर त्यात बिघाड काही नाही. पांढरी एकच्या त्याच ६० क्रमांकाच्या पट्टीला यामाहा 'सी ३' म्हणते आणि रोलँड 'सी ४' म्हणते. दोन कंपन्यांची वाद्ये एकत्र वापरणाऱ्याला जो एका सप्तकाचा घोळ पडल्यासारखा वाटतो, तो केवळ या नावांचा असतो. खरा घोळ नादांच्या क्रमांकांत आहे. १९९१ साली ठरलेल्या 'जनरल मिडी' या यादीत १२८ नाद असून तीत सतारीला १०५ वा आणि सनईला ११२ वा क्रमांक मिळाला आहे, परंतु तबला आणि ढोलकी यांना त्या यादीत स्थान नाही. भारतासाठी काढलेल्या कीबोर्डांतले देशी नाद त्या त्या कंपनीने आपल्या वेगळ्या कप्प्यांत ठेवलेले असतात. त्यामुळे कीबोर्डावर ढोलकी लावून बसवलेली लावणी मिडी फाइल म्हणून संगणकात नेली आणि तिथे भलताच नाद उमटला, तर आज्ञा पोहोचल्या आहेत, मात्र त्या क्रमांकाचा नाद संगणकापाशी नाही, असा त्याचा सरळ अर्थ घ्यावा.

वाद्याकडचा दरवाजा

वाद्याच्या पाठीमागे दोनपैकी एक सोय असते. जुन्या वाद्यांना पाच खिट्ट्यांची गोल खोबण असते, 'इन' आणि 'आउट' अशी दोन. नव्यांना प्रिंटरला असते तशी चौकोनी यूएसबी खोबण असते, आणि काहींना दोन्ही असतात. मंडळांत अजून टिकून असलेल्या रोलँड एसपीडी-२० ला गोल खोबणीच आहेत, तर नंतरच्या एसपीडी-३० ला यूएसबीही आहे. १९८५ च्या मूळ पॅड-८ ऑक्टोपॅडमध्ये तर स्वतःचा एकही नाद नव्हता. तो केवळ आज्ञा पाठवी आणि वाजे ते दुसरेच यंत्र.

गोल खोबणीच्या वाद्यासाठी मध्ये एक यूएसबी-मिडी साधन लागते. बाजारात जी स्वस्त तार मिळते, तिच्या दोन टोकांवर 'इन' आणि 'आउट' असे छापलेले असते खरे, पण ते वाद्याच्या बाजूने म्हटले आहे की संगणकाच्या, याचा खुलासा कोणी करीत नाही. म्हणून काही न चालल्यास दोन्ही टोकांची अदलाबदल करून पाहावी, त्यात वाद्याचे काही नुकसान होत नाही. गोल खोबणीच्या जुन्या पद्धतीत एक गुण असा आहे, की संदेश घेणाऱ्या बाजूस तो प्रकाशाच्या द्वारे पलीकडे नेला जात असल्यामुळे दोन यंत्रांच्या विजेचा परस्परांशी संबंध येत नाही. यूएसबीला ही मुभा नाही. जनरेटरवर चालणाऱ्या मंचावर लॅपटॉपचा चार्जर लावताच भोंग्यातून घरघर येऊ लागली आणि चार्जर काढताच ती थांबली, तर दोष वाद्यात नसून या विजेच्या जोडणीत आहे. चौकोनी यूएसबीच्या बाबतीत मात्र सर्वांत सामान्य चूक वेगळीच असते. फोनसोबत आलेल्या कित्येक तारा केवळ वीज नेतात, माहिती नेत नाहीत. अडॅप्टर जोडून अशी तार वापरली, की दिवा लागतो आणि आज्ञा एकही पोहोचत नाही.

विंडोजचा रिवाज

आपल्याकडील बहुसंख्य लॅपटॉप विंडोजवर चालतात, आणि विंडोजचा मिडी-कारभार मूलतः १९९१ च्या सुमारास तिला जोडलेल्या मल्टिमीडिया विभागाचा आहे. त्या जुन्या पद्धतीत एक वाद्य सामान्यतः एका वेळी एकाच सॉफ्टवेअरच्या स्वाधीन होते. ज्याने ते प्रथम उघडले त्याने सोडल्याशिवाय दुसऱ्याला मिळत नाही. कीबोर्डाची सेटिंग बदलणारे कंपनीचे सॉफ्टवेअर मागे उघडे राहिले असेल, किंवा ब्राउझरच्या एखाद्या पानाला मिडी वापरण्याची परवानगी दिली गेली असेल, तर रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये वाद्याचे नाव दिसूनही ते उघडत नाही, आणि जो संदेश येतो तो इतका मोघम असतो की वादक हवालदिल होतो. उपाय साधा आहे: सर्व सॉफ्टवेअर बंद करावीत, वाद्य जोडून चालू करावे, आणि मग आपल्याला हवे ते एकच उघडावे. दोन सॉफ्टवेअरांना एकमेकांशी बोलायचे असेल, तर विंडोजच्या या जुन्या पद्धतीत ती सोय आयती नसल्यामुळे 'लूपमिडी' यासारखी आभासी जोडणी बसवण्याचा प्रघात पडला आहे. मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ साठी 'विंडोज मिडी सर्व्हिसेस' ही नवी रचना हाती घेतली, तिचा एक हेतू ही एकाधिकाराची अडचण नाहीशी करणे हाच आहे.

दुसरी गोष्ट नावांची. विंडोज वाद्य ओळखताना ते कोणत्या खोबणीत लावले याचीही नोंद ठेवते. काल डाव्या खोबणीतला कीबोर्ड आज उजव्या खोबणीत लावला, तर पुष्कळदा त्याची नवी नोंद होते आणि नावाच्या आधी '२-' असे काहीतरी लागते. सॉफ्टवेअर मात्र जुन्याच नावाची वाट पाहत बसते. यासाठी लॅपटॉपच्या ज्या खोबणीत वाद्य पहिल्यांदा लावले, तिच्याजवळ रंगाचा ठिपका देऊन नेहमी तीच वापरावी. ज्या वाद्यांवर 'क्लास कम्प्लायंट' असा निर्देश असतो त्यांना वेगळा ड्रायव्हर लागत नाही. इतरांसाठी तो कंपनीच्या अधिकृत स्थळावरून घ्यावा, आणि वाद्य जोडण्यापूर्वी बसवावा. वीज वाचवण्यासाठी विंडोज स्वस्थ पडून असलेली यूएसबी खोबण झोपवते. निवेदकाचे भाषण लांबले आणि त्यानंतर कीबोर्ड मुका झाला, अशी तक्रार असेल तर 'पॉवर ऑप्शन्स'मधील यूएसबीची ही सवलत बंद करावी.

मॅकचा रिवाज

मॅकवर हा कारभार 'कोअर मिडी' नावाच्या विभागाकडे आहे, आणि तो अधिक उदार आहे. एकच वाद्य एकाच वेळी अनेक सॉफ्टवेअरांना मोकळे असते, त्यामुळे विंडोजवरची मक्तेदारीची तक्रार इथे सहसा येत नाही. 'युटिलिटीज'मधील 'ऑडिओ मिडी सेटअप' उघडून तिच्या 'विंडो' यादीतून 'मिडी स्टुडिओ' काढला, की जोडलेली सारी वाद्ये चित्ररूपाने समोर मांडलेली दिसतात; जे वाद्य फिकट दिसते ते पूर्वी जोडलेले होते, आता नाही. तिथेच 'आयएसी ड्रायव्हर' नावाची एक पेटी असते. ती दोनदा टिचकी मारून उघडून चालू केली, की एका सॉफ्टवेअरची आज्ञा दुसऱ्याकडे नेता येते, त्यासाठी बाहेरून काही आणावे लागत नाही. मॅकवरील अडचण बहुधा जुन्या वाद्यांची असते: स्वतःच्या ड्रायव्हरवर अवलंबून असलेले वाद्य प्रणाली नवी झाल्यावर ओळखले जात नाही, आणि कंपनीने तो ड्रायव्हर पुढे चालवला नसेल तर वाद्याच्या गोल खोबणीचा आणि क्लास कम्प्लायंट तारेचा आश्रय घेणे हाच मार्ग उरतो.

लिनक्सचा रिवाज

शाळांमध्ये आणि काटकसरीने चालवलेल्या जुन्या संगणकांवर लिनक्स आढळते, आणि मिडीच्या बाबतीत तिची ख्याती आहे त्यापेक्षा ती पुष्कळ सरळ आहे. तिथे कारभार 'आल्सा' या विभागाकडे असून त्याची दोन दारे आहेत: एक कच्चे, ज्यातून वाद्याचे अंक जसेच्या तसे एका सॉफ्टवेअरला मिळतात, आणि दुसरे 'सीक्वेन्सर', ज्यावर कोणतेही वाद्य कोणत्याही सॉफ्टवेअरशी, आणि एक वाद्य अनेकांशी, जोडता येते. नवख्याचा गोंधळ होतो तो एवढ्याचसाठी, की लिनक्सवर वाद्य ओळखले जाणे आणि जोडले जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रणाली वाद्याची नोंद घेते, पण ते कोणाला द्यावे हे ठरवणे ती तुमच्यावर सोडते. टर्मिनलमध्ये इंग्रजी 'ए' या अक्षराला लागून 'कनेक्ट' हा शब्द लिहावा, एक जागा सोडून वजाचे चिन्ह व छोटे 'एल' द्यावे, म्हणजे सर्व वाद्यांची आणि त्यांच्या जोडण्यांची यादी उमटते. ज्याला टर्मिनलचा कंटाळा आहे त्याने 'क्यूजॅकसीटीएल' हे साधन घ्यावे; त्यात वाद्यापासून सॉफ्टवेअरपर्यंत रेघ ओढली, की काम झाले. यादीत 'मिडी थ्रू' नावाची एक नोंद नेहमी दिसते, तिला वाद्य समजू नये. 'जॅक' या ध्वनिव्यवस्थेचा स्वतंत्र मिडी-मार्ग आल्साहून निराळा असतो. वाद्य एका यादीत आणि सॉफ्टवेअर दुसऱ्या यादीत दिसले, तर मध्ये पूल घालणारे साधन सुरू करावे लागते.

खिशातला फोन

अँड्रॉइडमध्ये मिडीची अधिकृत सोय २०१५ च्या सहाव्या आवृत्तीपासून आली. 'ओटीजी' अडॅप्टर लावून कीबोर्ड फोनला जोडता येतो, आणि हरिपाठासाठी तंबोरा किंवा साधी रेकॉर्डिंग हवी असणाऱ्याला एवढे पुरेसे होते. फोन ओटीजीला अनुकूल आहे की नाही, हे मात्र आधी पाहावे. उलट फोनच संगणकाला वाद्य म्हणून जोडायचा असेल, तर यूएसबीच्या पर्यायांत 'चार्जिंग'ऐवजी 'मिडी' निवडावे लागते. आयफोन आणि आयपॅड यांत मॅकचाच कोअर मिडी विभाग असल्याने त्यांचा कारभार मॅकसारखाच चालतो. वाद्य अधिक वीज मागत असेल तर ते नाकारले जाते, तेव्हा स्वतःची वीज घेणारा यूएसबी हब मध्ये ठेवावा. ब्लूटूथवरून चालणारी मिडी घरच्या तालमीपुरती ठीक. शेकडो फोन चालू असलेल्या मंडपात तिच्यावर विसंबू नये.

दिरंगाई कोठे होते

पट्टी दाबल्यावर नाद उशिरा येतो, ही तक्रार बहुतेक वेळा मिडीच्या माथी मारली जाते, आणि ती अन्यायाची आहे. जुन्या गोल खोबणीच्या तारेतून सेकंदाला ३१,२५० बिट जातात आणि एका स्वराच्या तीन अंकांना ३० बिट लागतात. म्हणजे एक आज्ञा सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही किंचित कमी वेळात पोहोचते. विलंब होतो तो त्यानंतर, संगणक नाद घडवून भोंग्याकडे पाठवतो तेव्हा. ध्वनीचे नमुने तो गठ्ठ्यांनी पाठवतो. सेकंदाला ४४,१०० नमुने धरले, तर ५१२ नमुन्यांच्या गठ्ठ्याला सुमारे १२ आणि १२८ च्या गठ्ठ्याला सुमारे ३ सहस्रांश सेकंद लागतात, आणि ढोलकीवाल्याच्या कानाला हा फरक कळतो. गठ्ठा लहान करावा, पण इतका नव्हे की आवाज तुटू लागेल. विंडोजवर यासाठी 'एझिओ' पद्धतीचा ध्वनी-ड्रायव्हर निवडावा. प्रणालीत आयता असलेला 'मायक्रोसॉफ्ट जीएस वेव्हटेबल सिंथ' मिडी फाइल ऐकण्यासाठी आहे, प्रत्यक्ष वादनासाठी तो फार संथ पडतो.

याच प्रकरणात आणखी एक फसगत आहे. कीबोर्डाचा स्वर दोनदा वाजल्यासारखा, पोकळ ऐकू येऊ लागला, तर वाद्य आपला नाद वाजवीत आहे आणि सॉफ्टवेअरने परत पाठवलेल्या आज्ञेवर तोच पुन्हा वाजवीत आहे. कीबोर्डातील 'लोकल कंट्रोल' बंद करावे किंवा सॉफ्टवेअरची परतीची वाट तोडावी. दोन्हींपैकी एकच करावे, नाहीतर वाद्य मुके होते.

तपासणीचा क्रम

काही चालेनासे झाले असता मनात येईल तिथून हात घालू नये. बाहेरून आत असा क्रम धरावा. प्रथम तार: ती माहिती नेणारी आहे काय, आणि दुसऱ्या वाद्याशी किंवा दुसऱ्या संगणकाशी चालते काय. नंतर प्रणाली: विंडोजच्या 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये, मॅकच्या 'मिडी स्टुडिओ'त, लिनक्सच्या यादीत वाद्याचे नाव आले आहे काय, इथेच नाव नसेल तर सॉफ्टवेअरच्या सेटिंग चाळण्यात अर्थ नाही. त्यानंतर मक्ता: दुसऱ्या एखाद्या सॉफ्टवेअरने वाद्य अडवून ठेवले आहे काय. मग सॉफ्टवेअर: त्याच्या सेटिंगमध्ये ते वाद्य 'इनपुट' म्हणून चालू केले आहे काय, ज्या ट्रॅकवर वाजवायचे तो ट्रॅक त्या वाद्याचे ऐकतो काय, आणि वाहिनीचा क्रमांक दोन्हीकडे जुळतो काय. सरतेशेवटी नाद: आज्ञा आलेली दिसते पण ऐकू येत नाही, अशी अवस्था असेल तर मिडीचे काम संपले आहे, आणि दोष ध्वनीच्या ड्रायव्हरमध्ये, नादाच्या निवडीत किंवा भोंग्यात शोधायचा आहे. आज्ञा येते की नाही हे डोळ्यांनी पाहण्यासाठी विंडोजवर 'मिडी-ऑक्स', मॅकवर 'मिडी मॉनिटर' आणि लिनक्सवर आल्साचे 'ए-सेक-डंप' ही साधने आहेत; त्यांच्या खिडकीत आघातागणिक अंक उमटताना दिसले, की निम्मा तपास झाला. विंडोजवर मात्र पाहून झाल्यावर मिडी-ऑक्स बंद करण्यास विसरू नये, अन्यथा वाद्य अडवणारे ते स्वतःच ठरेल.

जे मंडळ वर्षभर कार्यक्रम करते, त्याने एवढे तरी पाळावे: कार्यक्रमाच्या आदल्या आठवड्यात संगणकाची प्रणाली अद्ययावत करू नये, कारण तिचा रिवाज कोणत्या बाबतीत बदलला हे मंचावर चढल्यानंतरच कळते, चालती तार आणि तिच्याच जातीची दुसरी तार एका पिशवीत ठेवावी, आणि कोणते वाद्य कोणत्या खोबणीत, कोणत्या वाहिनीवर आणि कोणत्या ड्रायव्हरने चालते, याचा तपशील एका कागदावर लिहून तो लॅपटॉपच्या पिशवीत कायम असू द्यावा. ऐन वेळी मूळ वादक आला नाही, तर बदली आलेल्या पोराला त्या कागदावरून सारी जोडणी करता आली पाहिजे, इतका तो सविस्तर असावा.